तलावांचा विदर्भ: जंगलाचं गेट बंद झाल्यावर यावं का?

पुण्याच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. जुलै ते सप्टेंबरच्या मधे आठ-दहा दिवस सुट्टी मिळणार, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील. वाघ बघायचा नाही, विदर्भातली तलावकाठची गावं आणि जुनी शहरं निवांत बघायची आहेत. नातेवाईक म्हणतात, पावसाळ्यात तिकडे कोण जातं, सगळं बंद असतं. तर जावं का, कुठून कुठे जावं आणि नेमकं बंद काय असतं?

मी भंडारा जिल्ह्यातला. पाहुण्यांना घेऊन याच पट्ट्यात गाडी फिरवतो, त्यामुळे बाराही महिने हे रस्ते बघण्यात येतात. माझं म्हणणं असं की जरूर या, फक्त जुलै सोडा आणि पोळा झाल्यावर या. पोळा तिथीप्रमाणे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येतो, तेव्हा कॅलेंडर बघून सुट्टी टाका.

विदर्भाचा सीझन वाघानं ठरवला आहे, हे आधी लक्षात घ्या. ताडोबाचा कोअर भाग 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, नवेगाव-नागझिऱ्याची जंगल सफारीही पावसाळ्यात थांबते. तेवढ्यावरून बाहेरच्या लोकांनी ठरवून टाकलं की विदर्भ बंद. लॉजवाले दर पाडतात, रिसॉर्टवाले आचाऱ्याला गावी पाठवतात. पण तलाव, देवळं, किल्ले यांना कुठलं आलंय गेट? आमच्याकडचा तलाव मुळात पाहायचाच पावसाळ्याच्या शेवटी. एप्रिलमध्ये बघाल तर पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, चिखल आणि म्हशी.

मग जुलै का नको? पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, जुलै आणि अर्धा ऑगस्ट हा रोवणीचा काळ. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल करायचा आणि पाऊस आहे तोवर धान लावून मोकळं व्हायचं. खानावळीत पोळ्या लाटणारी बाई रोवणीला जाते, रेस्ट हाऊसचा खानसामा स्वतःच्या शेतात असतो, गावातली काळी-पिवळी जीप भल्या पहाटे बायकांना घेऊन बांध्यांवर गेलेली असते. अशा दिवसांत तुम्ही गावात शिरलात की चहा मिळतो, बोलायला माणूस मिळत नाही. रोवणी आटोपली, पोळा झाला, की हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापायला येईपर्यंत म्हणजे ऑक्टोबरपर्यंत हातात वेळ असतो. तलाव काठोकाठ भरलेले, बांध्या हिरव्यागार आणि माणसं मोकळी. आमच्याकडचा सगळ्यात चांगला महिना हाच, आणि पाहुणे सगळ्यात कमी याच महिन्यात.

फक्त पोळ्याचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर, हे दोन दिवस प्रवासात धरू नका. बैल सजलेले बघायचे असतील तर कुठल्याही खेड्यात पोळ्याला संध्याकाळी चारच्या सुमारास तोरणाखाली उभे राहा, कोणी नाही म्हणणार नाही. करीच्या दिवशी मात्र गावात मटण आणि दारू दोन्ही चालतं, ड्रायव्हर मिळत नाही, आणि मिळाला तरी मी त्याच्या गाडीत बसणार नाही.

आता हे तलाव काय आहेत ते थोडं सांगतो, नाहीतर पाणी बघून परत जाल. इथले बहुतेक तलाव माणसानं बांधलेले आहेत. कोहळी समाजाची ही करामत. टेकड्यांच्या कुशीत मातीची पाळ घालायची, सांडव्याची जागा हेरायची आणि खालच्या बांध्यांना पाणी फिरवायचं. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत, त्यामुळे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि बोलताना मामा तलाव. लहान असेल तर बोडी. कोणाच्या मामाचा तलाव हा, असं पाहुणे हमखास विचारतात.

यातला थोरला नवेगाव बांध. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं तो बांधला असं परंपरा सांगते, आणि लोकांनी त्याला कोलासूर देव करून तिथल्याच टेकडीवर बसवलं. आजूबाजूच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. एका पाटबंधाऱ्याच्या कामगाराचा देव झालेला मला तरी दुसरीकडे कुठे माहीत नाही. जंगलाची सफारी बंद असली तरी पर्यटन संकुलाच्या बाजूनं तलाव दिसतो. सकाळी सहाला पोचा. पक्षी बघायचे असतील तर मात्र ही वेळ नाही. बाहेरून येणारी बदकं नोव्हेंबरनंतर उतरतात, तेव्हा दुर्बीण घेऊन आलेल्या पक्षीवाल्यांना मी सप्टेंबरात नकोच म्हणतो. सारस तेवढा अपवाद. गोंदियाकडे तो पावसाळ्यातच धानाच्या बांधीत घरटं करतो. दिसला तर रस्त्यावरूनच बघा. बांधीत उतरलात तर शेतकऱ्याचं पीकही तुडवाल आणि घरट्यावरच्या मादीलाही उठवाल.

नवेगावपासून जवळच, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. 1970 च्या दशकात वसलेली. इथे सीझनचा हिशेब पार उलटा होतो. हिवाळ्यात, म्हणजे पर्यटक येतात तेव्हा, घराघरातली माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. पावसाळ्यात ती घरी असतात, त्यांचीही शेती असते. मठात शांतपणे बसता येतं. फोटो काढण्याआधी विचारा, एवढंच. तिथून इटियाडोहचं धरण दूर नाही, पाऊस उघडला असेल तर जाऊन या, नाहीतर सोडा.

मुक्कामाला अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी किंवा साकोली धरा. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी नाटकांचं माहेर. नाटकं दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून सुरू होतात, त्यामुळे तुम्हाला बघायला मिळणार नाहीत. मात्र तारखा घेण्याची गडबड आधीच सुरू झालेली असते आणि कुठल्याही चहाच्या टपरीवर यंदा कोण हिरॉईन कोणत्या कंपनीत गेली याची चर्चा ऐकायला मिळेल. ती चुकवू नका.

जेवणाचं या भागात सांभाळावं लागतं. पावसाळ्यात रेस्ट हाऊसला न सांगता पोचलात तर बिस्किटावर रात्र काढाल. आदल्या दिवशी दुपारच्या आत फोन करून ‘किती ताटं, शाकाहारी किती’ एवढं सांगायचं. आणि हॉटेलमधली पनीरची भाजी मागू नका, बाप्पा. या दिवसांत बाजारात वास्ते येतात, म्हणजे बांबूचे कोंब, आणि नशीब असेल तर सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी अळिंबी. सात्यांची भाजी खाल्ली की मटण विसराल. फक्त त्या गावातल्या माणसानं आणलेल्या आणि त्यानंच शिजवलेल्याच खा. रस्त्याकडेला स्वतः वेचलेली अळिंबी शिजवायला देऊ नका, विषारी कोणती हे फोटो बघून कळत नाही. सप्टेंबर सरता सरता ढिवर, म्हणजे मासेमार लोक तलावातले शिंगाडे बाजारात आणायला लागतात. उकडलेले घ्या. मासे तर असतातच, ते तलावावरच्या मच्छीमार सोसायटीकडून घेतलेले चांगले.

जुन्या शहरांत माझा कौल पवनीला. वैनगंगेकाठचं हे गाव, एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंना मातीचा तट नि खंदक. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं तेव्हा मौर्य-सातवाहन काळातला मोठा बौद्ध स्तूप निघाला. जवाहर दरवाजातून आत शिरायचं आणि पायीच फिरायचं. तिकीट नाही, गाइड नाही, पाटीही धड नाही. हिवाळ्यात लोक पवनीला अर्धा तास देतात आणि पुढे पळतात. तुम्ही अर्धा दिवस द्या. खंदकात पाणी असतं तेव्हाच तट म्हणजे काय ते समजतं, कोरड्यात तो नुसता उकिरड्याचा उंचवटा दिसतो. इथून गोसीखुर्द धरण जवळ आहे. दरवाजे उघडले असतील तर गर्दी प्रचंड, आणि पोलीस पुलावर थांबू देत नाहीत. ते बरोबरच करतात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर ज्यानं बघितला तो पुलावर सेल्फी काढत नाही. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं की ते आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून इथे ऊन असतानाही पूर येतो. ‘पाऊस तर नाही, मग रस्ता का बंद’ असा वाद नाक्यावरच्या हवालदाराशी घालू नका.

याच कारणानं भामरागडकडे सप्टेंबरच्या शेवटापर्यंत जाऊ नका, असं मी सरळ सांगतो. पर्लकोटा नदी फुगली की तालुक्याचा संपर्क तुटतो, मग दोन दिवस की पाच, हे कोणाच्याच हातात नसतं. गडचिरोलीत जायचंच तर मार्कंडा करा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून स्थान पवित्र मानतात, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नसते. आत्ता गेलात तर देवळांच्या भिंतींवरची शिल्पं आणि तुम्ही. मुख्य देवळाचं जतनाचं काम बरीच वर्षं चाललेलं आहे, त्यामुळे दगड मांडून ठेवलेले, बांबूचे सांगाडे बांधलेले दिसले तर हिरमोड करून घेऊ नका. बाजूची लहान देवळं सावकाश बघा, कारागिरी तिथेही तितकीच आहे. दगडावर शेवाळ असतं, आई-वडिलांना चपला काढून चालवताना हात धरा.

आता एक इशारा. ‘ऑफ सीझन म्हणजे गर्दी नाही’ हे नागभीडच्या घोडाझरीला आणि आसोलामेंढ्याला लागू नाही. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की नागपूर-चंद्रपूरची सगळी तरुण मंडळी रविवारी तिथे असते, डीजेसकट. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा, तोच तलाव तुमचा. चिखलदऱ्याचंही तेच. पावसाळा हाच त्याचा सीझन, शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकतात आणि खोलीचे दर तिप्पट. गाविलगड किल्ला धुक्यात सुंदर दिसतो हे खरं, पण तुमच्या दहा दिवसांत तो बसवू नका, दुसऱ्या टोकाला आहे.

चंद्रपूरला दीड दिवस ठेवा. गोंड राजांचं हे शहर अजूनही परकोटात, म्हणजे जुन्या तटबंदीत राहतं. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे, आणि त्यातून रोजची वाहतूक चाललेली. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी या परकोटावरची झाडंझुडपं आणि कचरा काढला, म्हणून आज तटावरून चालता येतं. पावसाळ्यात झुडपं पुन्हा माजतात, त्यामुळे तटावर एकटे चढू नका, माहितगार माणूस सोबत घ्या. राणी हिराईनं पती बीरशहासाठी बांधलेली समाधी अंचलेश्वराच्या आवारात आहे, महाकालीचं देऊळही तिनंच बांधलं असं मानतात. महाकालीची यात्रा चैत्रात भरते, तेव्हा मराठवाड्यातून पायी दिंड्या येतात आणि वर पारा पंचेचाळीसच्या आसपास. पावसाळ्यात गाभाऱ्यात निवांत उभं राहता येतं. लालपेठच्या अर्धवट राहिलेल्या महाकाय दगडी मूर्ती लोक चुकवतात, तुम्ही चुकवू नका. तिथून भद्रावती जवळ आहे. विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचं जैन मंदिर, भद्रनागाचं देऊळ, हे तिन्ही धर्म एका दुपारीत बघून होतात. जैन मंदिराची धर्मशाळा स्वच्छ असते, जेवणही मिळतं, पण सूर्यास्ताआधी. रात्री आठला पोचून ताट मागू नका.

गोंदियाहून चंद्रपूर-बल्लारपूरला जाणारी रेल्वे याच तलावांच्या पट्ट्यातून जाते. अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. गाड्या मोजक्याच, वेळ पाळतील याची हमी नाही. पण एका टप्प्याला तरी आई-वडिलांना रेल्वेनं आणा आणि गाडी पुढच्या स्टेशनावर पाठवा. खिडकीतून दोन्ही बाजूला बांध्या आणि बोड्या लागतात, पाठीला खड्डेही लागत नाहीत. खड्ड्यांबद्दल मी जास्त बोलत नाही. सप्टेंबरात आमचे तालुक्याचे रस्ते बघवत नाहीत, ताशी तीस किलोमीटर धरून चाला म्हणजे मन:स्ताप होत नाही.

रामटेक तुम्ही नागपूरला उतरल्या दिवशीच करून घ्या. वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं मांडलं, आणि आषाढात गडावरून ढग बघितले की वाद घालावासा वाटत नाही. गडावर गाडी वरपर्यंत जाते. केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांच्या राजघराण्याचा शिलालेख आहे, पुजाऱ्याला विचारा, दाखवतो. खाली अंबाळा तलावाचे घाट. पिंडदानाची गर्दी पितृपक्षात असते, ती तारीख टाळा. माकडांपुढे प्रसादाची पिशवी हातात धरू नका, चष्मा खिशात घाला. वाटेतच मनसर, प्रवरसेन दुसरा या वाकाटक राजाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं उत्खननानंतर सांगितलं जातं. टेकडीवर विटांचं बांधकाम आहे, पाऊस पडत असेल तर वर जाऊ नका, पायऱ्या वाईट आहेत.

आता पश्चिमेकडचं. लोणार आणि सिंदखेड राजा हे बुलडाणा जिल्ह्यात, पाऊस गडचिरोलीच्या जवळपास निम्मा. म्हणून तुम्हाला जुलैतच सुट्टी मिळाली आणि बदलणं शक्य नसेल, तर झाडीपट्टी सोडा आणि हेच करा. समृद्धी महामार्गानं मेहकरला उतरलं की लोणार जवळ. डिझेल आणि जेवण दोन्हींची सोय महामार्गावर चढण्याआधीच बघा. लोणारचं विवर उल्केच्या आघातानं बेसाल्ट खडकात झालेलं, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं, मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तेव्हापासून पाहुणा उतरल्या उतरल्या विचारतो, गुलाबी कधी होणार? रोज होत नाही. हिरवंच बघा.

आई-वडिलांना विवराच्या तळाशी नेऊ नका. पावसात उतरण निसरडी असते आणि खालच्या पायवाटा पाण्याखाली जातात. काठावरून दिसतं ते पुरेसं आहे. गोमुखाची धार बाराही महिने वाहते, ती वरच आहे. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ मात्र पूर्ण दुपार घेऊन बघा, बाहेरच्या भिंतीपासून सुरुवात करा. मे महिन्याच्या मध्याला काही दिवस भर दुपारी सूर्याची किरणं आत मूर्तीवर पडतात, तेवढ्यासाठी उन्हाळ्यात येणारी माणसंही आहेत. मी त्यांना पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर एवढंच फिरवतो, मधला वेळ कूलरपुढे.

सिंदखेड राजा 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीला भरून वाहतं. एरवी लखुजी जाधवांचा वाडा, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव हे सगळं तुमच्यासाठी मोकळं असतं. लखुजीरावांच्या समाधीजवळ 2024 च्या जूनमध्ये पुरातत्त्व खात्याला खोदताना शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती मिळाली. त्यामुळे समाधीकडे लोकांचं लक्ष आता कुठे गेलं, तोवर सगळे वाड्यात फोटो काढून निघायचे. मोती तलाव भरलेला असेल तेव्हा त्याच्या दगडी भिंतीची रचना नीट कळते, उन्हाळ्यात ती नुसती भिंत.

औषधांचं: डासांची जाळी स्वतःची आणा, लॉजच्या जाळीला भोकं असतात. गोंदिया-गडचिरोलीकडे हिवतापाचा त्रास आहे, डॉक्टरांना विचारून या. जून आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार पडतात. ढग गडगडले की तलावाच्या पाळीवरून आणि एकट्या मोहाच्या झाडाखालून आधी निघा, छत्री मिटा. जिओचा एक आणि बीएसएनएलचा एक असे दोन सिम ठेवा. नवेगावपलीकडे कधी एक चालतं, कधी दुसरं.

आता खर्चाचं. खोली डिसेंबरच्या निम्म्या दरात मिळू शकते, पण फोनवर भाव करू नका, पोचून खोली बघा, गळत नाही ना हे वर छताकडे बघून ठरवा आणि मग बोला. गाडी पूर्ण दहा दिवसांसाठी पुण्याहून आणण्यापेक्षा नागपूरहून इकडची घ्या, ड्रायव्हरला कोणत्या नाल्यावरून पाणी जातं ते माहीत असतं. वडील पंचाहत्तरीचे असतील तर राज्यात एसटीचा प्रवास त्यांना फुकट आहे, आणि आईला व तुमच्या घरातल्या बायकांना अर्ध्या तिकिटात. भंडारा ते पवनी एवढा टप्पा लालपरीनं करा, आधार कार्डाची मूळ प्रत वरच्या खिशात ठेवा. झेरॉक्स कंडक्टर मानत नाही.